छोट्या स्पोर्ट्स गाडीवरून कयाक नेताना: पुण्यातल्या नवख्यांसाठी पहिल्या फेरीची तयारी

पुण्यात कयाक पहिल्यांदा कुठे बघितली, असं विचारलं तर बरेच जण सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबचं नाव घेतील. रेगाटाच्या, म्हणजे तिथल्या होड्यांच्या जलशाच्या, संध्याकाळी मुळेच्या पाण्यावर ती लांबट, चिंचोळी, दोन पात्यांच्या वल्ह्याने चालणारी होडी सरकताना बघितली की डोक्यातून जात नाही. मग कधीतरी मुळशीच्या किंवा पवनेच्या धरणावर जाणं होतं, भाड्याच्या कयाकमध्ये तासभर बसणं होतं, आणि आपली स्वतःची हवी असं वाटायला लागतं. गाडं अडतं ते पार्किंगमध्ये आल्यावर. गाडी छोटी, बुटकी, मागे उतरत्या टपाची. वर काही बांधायला दांड्यासुद्धा नाहीत. "त्याला एसयूव्हीच लागते" हे मला किती जणांनी सांगितलं, त्याची मोजदाद नाही. गेली चार वर्षं मी फोक्सवॅगनच्या पोलो जीटीच्या टपावरून कयाक नेतोय. नेता येते, आणि निर्धास्तपणे नेता येते. त्यासाठी एक क्रम मात्र पाळायचा: आधी गाडीचं माप, मग होडी. बहुतेक जण उलटं करतात आणि मग गाडीला दोष देतात.

होडी घेण्याआधी टेप काढा

गाडीची लांबी मोजा. पोलो जेमतेम 397 सेंटिमीटर भरते. चार मीटरच्या आतल्या बहुतेक छोट्या गाड्या याच्या आसपास असतात. आता कयाक बघा. मोठ्या पाण्यावरच्या, लांब पल्ल्याच्या कयाक पाच मीटरच्याही पुढे जातात. कॅनू, म्हणजे वरून उघडी आणि एकाच पात्याच्या वल्ह्याने चालवायची होडी, साधारण साडेचार-पाच मीटरची असते. या दोन्ही छोट्या गाडीवर पुढे-मागे बाहेर येणार. आपल्याकडे हा फक्त सोयीचा प्रश्न नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 194(1अ) आलं. त्यानुसार लादलेलं सामान मर्यादेपलीकडे बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला गेलं, तर 20,000 रुपये दंड आहे आणि सामान उतरवण्याचा खर्चही आपलाच. मागे लाल फडकं बांधलं की झालं, या समजुतीवर विसंबू नका.

म्हणून माझं स्पष्ट मत: छोट्या गाडीवाल्याने दहा फुटी, म्हणजे साधारण 305 सेंटिमीटरची, वर बसायची, म्हणजे पाय आत न घालता तिच्या पाठीवरच बसायची, प्लॅस्टिकची कयाक घ्यावी. ती गाडीच्या लांबीत पूर्ण मावते. वजन 20 ते 25 किलो, रुंदी 75-80 सेंटिमीटर. वेगाला ती लांब कयाकइतकी नसते, पण धरणाच्या पाण्यावर सकाळचे दोन तास फिरायला तिच्यात काही कमी नाही, आणि नवख्या माणसाला ती सहसा उलटत नाही. मुख्य म्हणजे ती नेता येते म्हणून खरंच नेली जाते. पाच मीटरची सुंदर होडी घेऊन ती सोसायटीच्या जिन्याखाली धूळ खात पडलेली मी बघितली आहे.

टप किती पेलतो

गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडा आणि टपावर किती भार चालतो ते शोधा. छोट्या गाड्यांना हा आकडा साधारण 50 ते 75 किलो असतो, माझ्या गाडीला 75. त्यात कॅरिअरचं वजनही धरायचं. पाच किलोचा कॅरिअर आणि बावीस किलोची कयाक म्हणजे सत्तावीस. वजनाची चिंता इथेच मिटते. खरी चिंता वाऱ्याची, तिच्याकडे नंतर येऊ.

जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या आणि अॅम्बॅसेडरच्या टपाला दोन्ही बाजूंनी पत्र्याची पन्हळ असायची. कॅरिअरचे पाय तिच्यात अडकवायचे आणि होल्डॉल, ट्रंका, आंब्याच्या पेट्या लादून गाड्या कोकणातून वर यायच्या. आताच्या गाड्यांना ती पन्हळ नसते. त्यामुळे कॅरिअरचे पाय दाराच्या चौकटीत, रबरी बीडिंगच्या आत, चिमट्यासारखे पकडतात. हे चिमटे प्रत्येक मॉडेलला वेगळे. नाना पेठेत अॅक्सेसरीजच्या दुकानांत विचारताना गाडीचं मॉडेल आणि वर्ष दोन्ही सांगा, आणि "सगळ्या गाड्यांना बसतो" असा कॅरिअर दाखवला तर नको म्हणा. मी पहिला तसाच घेतला होता. पंधरा दिवसांत दाराच्या कडेचा रंग टवका होऊन निघाला आणि पावसाळ्यात त्या जागी गंजाची रेघ उमटली.

कॅरिअर नकोच असेल तर फोमच्या उशांचा जोड मिळतो. उशा टपावर ठेवायच्या आणि त्यांचे पट्टे गाडीच्या आतून फिरवून आवळायचे. जवळच्या अंतराला चांगलं चालतं. इथे नवखे हमखास एक चूक करतात: पट्टा खिडकीतून आत घेतात. मग दार उघडत नाही आणि माणूस आत अडकतो. आधी दार उघडा, पट्टा दाराच्या चौकटीतून आत घ्या, आवळा, मग दार लावा. पाऊस असेल तर याच पट्ट्यावरून पाणी ओघळत आत येतं. दिव्यातली वात तेल ओढते, तसा तो पट्टा पाणी ओढतो आणि थेंब नेमका मांडीवर पडतो. बाहेरच्या बाजूला, दाराच्या अलीकडे, पट्ट्याभोवती सुतळीचा एक तुकडा बांधून त्याचं टोक खाली लोंबत ठेवा. बरंचसं पाणी तिथूनच ठिबकून जातं.

दोन सीटांची, टप उघडणारी गाडी असेल तर

कापडी टपावर भार ठेवायचा नाही. घडी होणाऱ्या पत्र्याच्या टपावरही नाही, तो दिसायला भक्कम असला तरी. त्याचे सांधे आणि रबरं वरून ओझं घेण्यासाठी केलेली नसतात. परदेशात काही जण डिकीवर आणि काचेच्या चौकटीवर जुगाड करून कयाक नेतात, पण आपले खड्डे आणि गतिरोधक बघता मी तो सल्ला कुणालाही देणार नाही.

अशा गाडीला हवेची कयाक. घडी घातली की मोठ्या प्रवासी बॅगेएवढी होते, वजन दहा ते सोळा किलो, आणि बाजूच्या सीटवर बसते. तिला सीटबेल्ट लावा. ब्रेक मारल्यावर पंधरा किलोची बॅग डॅशबोर्डवर येते. त्याहून हलकी हवी असेल तर पॅकराफ्ट, म्हणजे घडी करून पाठपिशवीत नेता येणारी हवेची छोटी होडी, तीन-चार किलोची, सीटच्या मागच्या फटीतही मावते. वल्हं दोन तुकड्यांत सुटणारंच घ्या. सव्वादोन मीटरचं अखंड वल्हं या गाडीत कुठेच बसत नाही. माझ्या एका मित्राकडे अशी दोन सीटांची गाडी आहे. आम्ही दोघं बरोबरच निघतो, आणि पानशेतला पोहोचल्यावर मी पट्टे सोडून कयाक उतरवेपर्यंत त्याचा पायाचा पंप चालून होडी फुगलेलीही असते.

लागणारं सामान

बोहरी आळीत एक फेरी मारली की बहुतेक सगळं मिळतं. एक इंच रुंदीचे पॉलिएस्टरचे दोन पट्टे, प्रत्येकी साधारण चार मीटरचे, साध्या दाबाच्या बक्कलचे. कटकट आवाज करत आवळणारे रॅचेटचे पट्टे नकोत. त्यांचा जोर इतका असतो की प्लॅस्टिकचं पोट आत दबतं, आणि ते दबल्याचं हाताला कळतही नाही. दोन दोऱ्या, आठ मिलिमीटर जाडीच्या, पॉलिएस्टरच्या. नायलॉनची ओली झाली की ताणते आणि सकाळी घट्ट असलेली गाठ दुपारी सैल होते. काथ्याची तर नकोच. कॅरिअरच्या दांड्यांना गुंडाळायला फोमची नळी. आणि घरातली एक जुनी सतरंजी किंवा गोधडी. माझ्याकडे आजीने शिवलेली, कडा विरलेली एक गोधडी आहे. चार वर्षांत गाडीच्या मागच्या काचेवर एक ओरखडा नाही, तो तिच्यामुळे.

चढवणं

आधी टप ओल्या फडक्याने पुसा. पुण्यात जिथे तिथे बांधकाम चालू आहे, टपावर सिमेंटची बारीक रेती असतेच, आणि उशीखाली ती पॉलिशपेपरचं काम करते. मागे टपावर अँटेना असेल तर फिरवून काढून ठेवा. वल्हं, जॅकेट, पाण्याच्या बाटल्या, कोरडे कपडे, सगळं आधीच आत भरा. कयाक वर गेली की तिचं मागचं टोक डिकीच्या दारावर येतं आणि दार पूर्ण उघडत नाही.

दोघं असाल तर एकाने पुढचं, दुसऱ्याने मागचं टोक धरून बाजूने उचला. एकटे असाल तर बुटकी गाडी हा फायदाच आहे. गोधडी मागच्या काचेवर आणि टपाच्या कडेवर पसरा. कयाक गाडीच्या मागे, गाडीच्या रेषेत जमिनीवर ठेवा, पालथी. गुडघ्यात वाका, पुढचं टोक उचलून मागच्या दांडीवर टेकवा. आता मागे जा, दुसरं टोक उचला आणि पुढे सरकवत न्या. एका वेळी निम्मंच वजन हातात येतं. दम लागला तर मधेच थांबता येतं, होडी तशीच टेकून राहते.

पालथी का, तर तीन कारणं. वर बसायच्या कयाकची वरची कड सपाट आणि कडक असते, ती दांड्यांवर नीट बसते. पोट वर राहिल्यामुळे ते दांड्यांवर दबत नाही. आणि पाऊस आला तर होडीत पाणी साचत नाही. दहा लिटर साचलं की टपावर दहा किलो वाढले. पुढे-मागे सरकवून होडी दोन्ही दांड्यांवर सारखी तोला, आणि समोर उभं राहून ती गाडीच्या रेषेत आहे का बघा. तिरकी असेल तर वारा तिला आणखी तिरकी करतो.

बांधणं

पट्टा होडीवरून पलीकडे टाका. फेकताना बक्कल हातात ठेवा. धातूचं बक्कल काचेवर आपटलं की काचेला तडा जातो. पलीकडे जाऊन पट्टा दांडीखालून घ्या आणि पुन्हा होडीवरून अलीकडे आणा. अलीकडेही दांडीखालून घेऊन बक्कलमध्ये ओवा. दांडीखालून, आणि कॅरिअरच्या पायाच्या आतल्या बाजूने, म्हणजे पट्टा बाजूला सरकून निसटत नाही. हाताने ओढून जेवढा घट्ट होतो तेवढाच. पाय टेकवून, अंग मागे टाकून ओढू नका.

होडीवरून जाणाऱ्या भागाला एक पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो आणि साठच्या पुढे गाडीच्या आत भुंग्यासारखा घूं घूं आवाज सुरू होतो. पहिल्या वेळी मला वाटलं बेअरिंग गेलं. वारज्याच्या पुलाखाली गाडी बाजूला घेऊन चारही चाकांना हात लावून बघितला. उरलेलं टोक फडफडत सोडू नका, गुंडाळून त्याच पट्ट्याखाली खोचा.

मग परीक्षा घ्या. होडीचं टोक धरून डावीकडे-उजवीकडे जोरात हलवा. गाडी हलली पाहिजे, होडी नाही.

पुढची आणि मागची दोरी

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घालवा. छोट्या गाडीच्या दोन दांड्यांमध्ये जेमतेम 70-75 सेंटिमीटर अंतर असतं आणि होडी तीन मीटरची. म्हणजे दोन्ही बाजूंना मीटरभराहून जास्त होडी अधांतरी. वजन पट्टे धरतात, पण वाऱ्याने पुढचं टोक वर उचललं जातं तेव्हा पट्ट्यांवर तरफेसारखा जोर येतो. ते थोपवायला दोन्ही टोकं खाली बांधलेली हवीत.

पुढे बांधायचं कुठे? बंपरमध्ये एक चौकोनी झाकण असतं. ते काढलं की आत आट्या असलेलं भोक दिसतं. डिकीत स्टेपनीजवळच्या हत्यारांमध्ये टो हुक असतो, तो तिथे बसवायचा. काही गाड्यांच्या आट्या उलट्या असतात, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवल्यावर घट्ट होतात. जोर करण्याआधी पुस्तक बघा. दुसरी सोय म्हणजे बॉनेटच्या आत, मडगार्डच्या बोल्टखाली, पट्ट्याची एक वळी कायमची अडकवून ठेवायची. लागेल तेव्हा बाहेर काढून बॉनेट लावायचं. प्लॅस्टिकच्या बंपरला किंवा जाळीला दोरी कधीच बांधू नका. होडीच्या बाजूला, टोकाचं हँडल बोल्टने पक्कं असेल तरच त्याला बांधा.

गाठ मला शिकवली ती एका टेम्पोवाल्या काकांनी. दुसरीच फेरी होती. पिरंगुटचा घाट उतरल्यावर मागून टेम्पो हॉर्न देत आला आणि काकांनी खिडकीतून हात काढून वर दाखवलं. थांबून बघतो तर पुढची दोरी सैल होऊन बॉनेटवर लोळत होती. आणखी थोडी घसरली असती तर चाकाखाली गेली असती. काका खाली उतरले. माझी निरगाठ बघून काही बोलले नाहीत, सोडूनच टाकली. दोरीच्या मध्यावर एक पीळ देऊन त्यातून फास बाहेर काढला, मोकळं टोक खाली हुकातून नेऊन वर त्या फासात घातलं आणि खाली ओढलं. दोरी वीणेच्या तारेसारखी ताणली. "आता आंगठ्याने दाबून धर," म्हणाले, आणि दाबलेल्या जागी दोन सुरगाठी मारल्या. "ताडपत्री अशीच बांधतो आम्ही. सोडताना एक झटका, बास." तीच गाठ आजही मारतो. फासामुळे कप्पीसारखं काम होतं आणि कमी जोरात दोरी पुष्कळ ताणली जाते. म्हणूनच हात आवरायचा: होडीचं टोक खाली वाकेपर्यंत ओढू नका, दोरीला ढील नाही एवढंच पुरे. घरी खुर्चीच्या पायाला बांधून वीसेक वेळा सराव करा. अंधारात, पावसात तीच गाठ हाताला यावी लागते.

मागची दोरी मागच्या टो हुकाला, त्याच गाठीने. ती नंबरप्लेटवर किंवा दिव्यावर येत नाही ना, ते बघा.

रस्त्यावर

सोसायटीतून निघण्याआधी उंची मोजा. पोलो 147, कॅरिअर दहा, पालथी कयाक पस्तीस-चाळीस, म्हणजे दोन मीटरच्या आत. होडी आडव्या कुशीवर धरणारे 'जे' आकाराचे पाळणे लावले तर हीच उंची सव्वादोन मीटरच्या पुढे जाते आणि कित्येक बेसमेंटच्या तोंडाशी 2.1 मीटरची पाटी असते. उंचीचा आकडा कागदावर लिहून स्टीअरिंगजवळ चिकटवा. संध्याकाळी दमून परतताना होडी टपावर आहे हे विसरायला होतं. पेठांमध्ये आणि जुन्या वस्त्यांत लोंबणाऱ्या केबल, तसंच रस्त्यावर झुकलेल्या वडाच्या पारंब्या यांच्याकडेही लक्ष असू द्या.

निघाल्यावर पाच किलोमीटरवर थांबा आणि सगळं पुन्हा तपासा. पट्टे पहिल्या काही खड्ड्यांत थोडे बसतात, तेव्हा हमखास सैल होतात. मुळशीला जाताना मी भूगावच्या अलीकडे थांबतो, पानशेतच्या रस्त्याला नांदेड फाट्याच्या पुढे. त्यानंतर दर चहाला एकदा हात लावून बघणं.

वेग 80 च्या पुढे नको. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो: 60 ला जेवढा, त्याच्या पावणेदोनपट 80 ला, आणि 100 ला जवळजवळ पावणेतीनपट. बायपासच्या उंच पुलांवर आडवा वारा लागतो, मोठा ट्रक शेजारून गेला की गाडी आधी ओढली आणि मग ढकलली जाते. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवा. गतिरोधकावर गाडी सरळ न्या, तिरकी नाही, नाहीतर होडी कॅरिअरवर पिळवटते. आणि रविवारी निघणार असाल तर पहाटेच निघा. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसं-भज्यांची गर्दी झाली की त्या रस्त्यावर गाडी इंचाइंचाने सरकते.

पोहोचल्यावर

धरणाच्या भिंतीपासून आणि सांडव्यापासून लांब, जिथे उतरायला मनाई नाही अशी जागा शोधा, आणि किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांना आधी विचारा. खाजगी शेतातून वाट असेल तर परवानगीशिवाय गाडी आत घालू नका. लाइफ जॅकेट होडी उतरवण्याआधी अंगावर चढवा. पावसाळ्यात विसर्ग सुरू असेल तर नदीकडे फिरकू नका. भिडे पूल पाण्याखाली जातो त्या दिवसांत मुठेचं पाणी कुणाचंच ऐकत नाही.

उतरवताना आधी पुढची-मागची दोरी, मग पट्टे. दोन्ही पट्टे सोडले की होडी वाऱ्याने घसरते, म्हणून दुसरा सोडताना एक हात होडीवर ठेवा.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक काळजी. गाडी उन्हात उभी करून जेवायला जाणार असाल तर पट्टे एक बोट सैल करा. तापलेलं प्लॅस्टिक मऊ होतं आणि पट्ट्याखाली खळगा पडतो. पडलाच तर घाबरू नका, होडी मोकळी करून पोट वर ठेवून उन्हात सोडा. बहुतेक वेळा तासा-दोन तासांत खळगा आपोआप भरून येतो. पट्टे परत आवळायला मात्र विसरू नका. मी त्यासाठी गाडीची किल्ली सैल केलेल्या पट्ट्याच्या टोकालाच अडकवून ठेवतो आणि शेजारी बसून डबा खातो.